मे महिन्याच्या उन्हाचं गाणं

माय, मी अजून गाते. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले. दिवसभर शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत चार जणांसोबत हेवी मेटल गाते. तुझ्या भाषेत, धांगडधिंगा.

हा शब्द तू स्वयंपाकघरात काढला होतास. मी बारावीत होते. तू भाकरी थापते आहेस आणि मी कोणाकडून तरी मागून आणलेली कॅसेट लावून तिच्यावर ओरडते आहे. इंग्रजी शब्द धड कळत नव्हते. दोन गिटारी एकच चाल घेऊन, एक खाली, एक वर, अशा जोडीनं धावतात आणि त्यांच्याही वर माणसाचा आवाज चढतो, एवढंच कळत होतं. "काय धांगडधिंगा लावला वं हा," म्हणत तू टेप बंद केलास. मला वाटलं, कॅसेट आता खिडकीबाहेर जाते. पिठाचे हात तसेच घेऊन तू समोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चिल्लावून काहून राहिली वं? पोटातून काढ आवाज. गळा फाडशीन त उद्या काय गाशीन?" आणि टेप पुन्हा लावून दिलास. त्याच एप्रिलात भातकुलीकडच्या गावांत, जयंतीच्या मांडवांत, तू मला तुझ्या गायन पार्टीच्या कोरसात उभं केलंस. तू शेवटची ओळ उचलायचीस तेव्हा ढोलकीवाला तुझ्या तोंडाकडे बघायचा. मी तुझ्या पोटाकडे बघायचे.

मधली कितीतरी वर्षं मेटल म्हणजे घशातून गुरगुरणं, असंच बऱ्याच जणांना वाटायचं. आता कुठे स्वीडनमध्ये, कुठे चिलीत नवी पोरं तो जुना आवाज परत आणून राहिली. मोकळं, उंच गातात, गिटारी जोडीनं वाजवतात. आमचे दोघे गिटारवाले त्यांना ऐकूनच इथवर आले. त्या बँडांच्या गाण्यांत तलवारी आणि घोडेस्वार असतात. आमच्या गाण्यात मे महिन्याचं ऊन आहे, तेही मराठीत.

अकोल्याच्या एका कार्यक्रमात जागा मिळत होती. आयोजकानं आमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे आता कोणी ऐकत नाही. एक तर गुरगुरा, नाही तर निम्मी सिनेमाची गाणी घ्या. आमचा ड्रमवाला तयार होता. किती दिवस त्या खोलीतच वाजवायचं, म्हणाला, एकदा तरी लोकांसमोर जाऊ. त्याचं चुकत नव्हतं. पण तो आम्हाला सोडून गेला असता तर बँडच संपला असता. मी त्याला म्हटलं, "लोकांसमोर जाऊ. पण हेच घेऊन जाऊ. मले थोडा वेळ दे."

मग मी अकोल्यातच एक लग्नाचा हॉल शोधला, लग्न नसलेल्या दिवशी, दुपारचा. परवा वाजवलं. पहिल्या गाण्याला लोक नुसते बघत होते. दुसऱ्याला मागची अख्खी रांग उठून गेली. ड्रमवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खुणेनंच सांगितलं, पुढचं घे. उन्हाच्या गाण्यातली शेवटची ओळ वर जाते आणि वरच थांबते. मी ती उचलली, धरून ठेवली, खालून दोन्ही गिटारी आल्या, आणि समोरची कॉलेजची मुलं उभी राहिली. हॉल काही भरला नव्हता, आणि शेवटी तर निम्माही उरला नाही. जे उरले त्यांनी तेच गाणं पुन्हा मागितलं. परतताना ड्रमवाल्यानं गाडीत बसून ड्रमच्या काठ्या पिशवीत घातल्या. मग म्हणाला, तिवस्यालाही एक हॉल आहे, विचारून बघू का.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते इथंच राहील. त्या आयोजकाला मी भ्यायले नाही, उठून गेलेल्या रांगेलाही नाही, आणि तिवस्यालाही हेच गाणार आहे. फक्त एक सांगते. परवा तू समोरच्या खुर्चीत येऊन बसली असतीस ना, तर माझं तोंड उघडलं नसतं.