अब्बांनी तुला सांगितलं नाही ते

अल नहदा, शारजा
१६ नोव्हेंबर

प्रिय मुनिबा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हसली असशील. शनिवारच्या मराठी वर्गात तुझ्या 'ळ'ला मी किती नावं ठेवायचो, आणि आता माझाच 'ळ' बघ कसा लोळतोय! मेल केली असती, पण माझी मेल ऑफिसची आणि हे ऑफिसच्या मेलवर लिहिण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर तू निळ्या खुणांपलीकडे जात नाहीस. अब्बांचे फोन तर फेब्रुवारीपासून उचललेच नाहीस. तुझी मामेबहीण तहसीन मंगळवारी मँचेस्टरला निघालीय, म्हणून तिच्या बॅगेत अम्मीच्या मसाल्याशेजारी हे पत्र. वास लागला असेल तर चालवून घे.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताच येणार नाही. तुझा विभाग बंद होतोय. विद्यापीठाच्या ब्रिटनमधल्या मुख्य कॅम्पसवर बंद होणाऱ्या विषयांची यादी गुरुवारी आमच्या दुबईच्या शाखेत आली, आम्ही ॲडमिशनवाल्यांनी त्या विषयांची जाहिरात थांबवावी म्हणून. अकरा विषय आहेत, त्यात सागरविज्ञान चौथं. हे पत्र हातात पडेपर्यंत तुलाही मेल आली असेल. अर्ध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांची 'पर्यायी व्यवस्था' होईल, असं तीत असेल. मी चौकशी केली. तुझी पर्यायी व्यवस्था म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करणारे एक सर, तेही जूनमध्ये निवृत्त होणारे. समुद्रातल्या कालवांवर पीएचडी करणाऱ्या मुलीने त्यांच्याकडे काय शिकायचं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

तीन दिवस मी फोनच करतोय. ज्यांना मी वर्षानुवर्षं विमानतळावरून हॉटेलात नेलं, दुबईच्या करामा भागात डोसे खिलवले, ते सगळे साहेब फार गोड बोलले आणि कुणीही काही केलं नाही. मग लाज सोडून तुझ्या आधीच्या गाइडना, त्या ग्रीक मॅडमना, नेदरलँड्सला लिहिलं, अजून काही होईल का म्हणून. दोन ओळींचं उत्तर आलं. तुझ्यासाठी ठेवलेली जागा सप्टेंबरमध्ये भरली, त्यांना वाईट वाटतंय. विद्यापीठ सुटलं की तुझा तिकडचा व्हिसा जाणार. इथला तर सहा महिन्यांवर बाहेर राहिलीस म्हणून केव्हाच संपला. उरलं दाभोळ, जिथे तू सुट्टीशिवाय कधी राहिली नाहीस. मी हा हिशेब सगळीकडून करून बघितला, मुनिबा. काही सुचत नाही.

ब्रेक्झिटचा निकाल लागल्यावर आमच्या ऑफिसात काय झालं, हे तुला कधी सांगितलं नाही. आम्ही जिलेबी मागवली होती! पौंड घसरला म्हणजे इथल्या आईबापांना विलायत स्वस्त झाली, एवढंच आम्हाला कळलं. तू तेव्हा दहावीत होतीस. तुझ्या अब्बांना मीच सुपरमार्केटात गाठून म्हटलं, गनीभाई, पोरीला पुढे तिकडेच पाठवा. ब्रिटन युरोपातून बाहेर पडणार म्हणजे तिथल्या प्रयोगशाळांतून माणसंही उठून जाणार, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पुढे युरोपातली मुलं येईनाशी झाली तसं आमचं टार्गेट वाढत गेलं. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही दुबई-शारजाची पोरं बसवली आणि त्याबद्दल मला बढती मिळाली. त्याच पोरांत तू होतीस.

तू गेलीस तेव्हा मॅडमच्या लॅबमध्ये नऊ जण होते ना? मधली काही वर्षं युरोपचा संशोधनाचा निधी अडला. नंतर ब्रिटनला त्यात परत घेतलं, पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत, आणि शेवटी मॅडमच नेदरलँड्सला निघाल्या. तुझी पोर्तुगीज मैत्रीण दोन बॅगा उचलून त्यांच्यामागे गेली, ना व्हिसा ना काही. तुझ्या भारतीय पासपोर्टला सगळे कागद नव्याने लागणार होते, पण मॅडम तेही करायला तयार होत्या. आठ दिवसांत हो की नाही तेवढं सांग, म्हणाल्या. तुला जायचं होतं. अब्बा नाही म्हणाले आणि तुझं-त्यांचं बोलणं संपलं.

त्या आठ दिवसांतली एक सकाळ तुला माहीत नाही. गनीभाई आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभे होते. म्हणाले, "उपेंद्रभाई, तुम्ही आतले आदमी. सच सांगा, पोरीचं डिपार्टमेंट राहील ना?" तिकडे कापाकापी चालल्याची कुणकुण मला होती, पक्कं काही नव्हतं. उशीर होत होता. गाडीचं दार ओढता ओढता मी म्हणालो, इन्शाल्ला. पंचवीस वर्षं मी हा शब्द ऑफिसातच ऐकत आणि म्हणत आलोय. बँकवाला म्हणतो, व्हिसाचे अर्ज भरून देणारा टायपिंग सेंटरवाला म्हणतो, आम्ही ॲडमिशनवाले दिवसातून वीसदा म्हणतो. आमच्यात त्याचा अर्थ 'बघू' आणि बहुतेक वेळा 'विसरा'. तुमच्या घरात त्याचा अर्थ तो नाही, हे मला कळायला हवं होतं. आपला उपेंद्र, हिंदू माणूस, अल्लाचं नाव घेऊन सांगतोय म्हणजे पुरती खात्री असल्याशिवाय बोलायचा नाही, असं त्यांनी धरलं. वर गेले आणि तुला फोनवर म्हणाले, जागची हलू नकोस.

काल ती यादी सांगायला मी तुमच्याकडे गेलो. अब्बांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि मला चहा घ्यायला लावला. मग स्वयंपाकघरात अम्मीकडून कळलं, की तो नकार कुणाच्या भरवशावर होता हे त्यांनी तुला सांगितलेलंच नाही. आणि मी समजत होतो, तू माझ्यावरही त्यासाठीच चिडलीस! का नाही सांगितलं म्हणून अब्बांना विचारलं, तर म्हणाले, "बापावर रागावलेली पोर कधी ना कधी परत येते. काकाकडे नाही आली तर?" मुनिबा, तुझा विभाग मला वाचवता येत नाही, तुझी तीन वर्षं परत आणता येत नाहीत. एवढं एकच माझ्या हातात उरलंय म्हणून लिहितोय: तुझा राग चुकीच्या माणसावर आहे. तो माझा आहे, मला दे. मला फोन केला नाहीस तरी चालेल. अब्बांना कर. लिफ्टमध्ये रेंज जाते आणि नेमका तेव्हाच तुझा फोन येईल, म्हणून ते नऊ महिने त्या दुखऱ्या गुडघ्यांनी सात मजले जिन्याने चढतायत.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
उपेंद्रकाका