वालाचं शेत आणि फ्रँकची घोडी

मी, ब्रिजिट पास्कोल डिमेलो, वय ७१, राहणार उत्तन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय करत आहे. दबाव आणायला घरात कुणी नाही.

१. घर मुलगा डेन्झिल याला. तो राहतो ते जेसल पार्क काही परदेशात नाही, पण येतो नाताळलाच. घर मिळाल्यावर तरी खिडक्या उघडाव्यात.

२. शेतही डेन्झिललाच, पण अटीवर. भात कापल्यावर जमीन उघडी ठेवू नये, ओलीवर वाल पेरावा. जमीन झाकलेली राहते, शेंगा आपल्याला, पाला जनावरांना. ही माझ्या नवऱ्याची पद्धत. वालातली चराई शेजारच्या फ्रँक घोन्सालविसची मुलगी मेगन हिच्या शेळ्यांना द्यावी. दव सुकल्यावरच सोडाव्यात, आधी सुका पेंढा खाऊ घालून.

३. आता फ्रँकचं. पास्कोल गेल्यावर मी शेताला कुंपण घातलं. गुरं यायची थांबली, गुरांमागची माणसंही. दिवसचे दिवस बोलायला कुणी नसायचं. फ्रँक काशीमीऱ्याच्या हॉटेलांत वरातीला घोडी द्यायचा, चंपा तिचं नाव. १९९८च्या जानेवारीत एका सकाळी मीच तिचा दोर सोडला आणि तिला वालात घेतलं. घोडी शोधत फ्रँक येईल, दोन शब्द बोलेल, एवढंच मनात होतं. तो आला. हसून म्हणाला, "ब्रिजिट, माझी घोडी तुझी पाहुणी झाली गो." पण उपाशीपोटी ओला कोवळा वाल तिला बाधला. दुपारी पोटशुळानं लोळायला लागली, संध्याकाळी मेली. आणि मी काय केलं? फ्रँकनं दोर नीट बांधला नव्हता, असं गावभर सांगितलं. त्याचा धंदा बसला. तो आजही स्वतःलाच दोष देतो. दोष माझा आहे आणि मला त्याची लाज वाटते.

४. चराई फ्रँकच्याच नावे करणार होते. केबिन रोडचे वकील म्हणाले, "मावशी, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका." म्हणून चराई मेगनला दिली आणि फ्रँकला साक्षीदार केलं. नऊ वर्षांत तो माझ्या दारात आलेला नाही, सहीला तरी येईल. सहीआधी वकिलांनी हे सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं. उठून गेला तर अडवू नये.

उत्तन, ११ जानेवारी २००७
ब्रिजिट पास्कोल डिमेलो (सही)

साक्षीदार:
१. विल्मा परेरा, निवृत्त शिक्षिका (सही)
२. फ्रँक घोन्सालविस (सही)
खाली त्याच्याच अक्षरात: ऐकलं. राग हाय. चहा घेतला.