फॉर्मवरची फुली

अहो,

तुमची बायको तिच्या ताईकडे गेली आहे. जेवण झाकून ठेवलंय.

सकाळी केबलवाला बॉक्स बघायला आला होता. तिनं सहज विचारलं, "डिजिटल झाल्यावर आमची ताई बातम्या देते ते चॅनेल गेलंच ना रे?"

"छे हो काकू, चालू आहे की! काकांनीच त्यावर फुली मारलीय, नको म्हणून." त्यानं चॅनेल निवडायचा फॉर्म दाखवला. फुली तुमचीच, कागद फाटेपर्यंत दाबलेली.

भांडण तुमचं नि ताईचं. तुमच्यासाठी हिनं तिच्याशी बोलणं टाकलं. रोज टीव्हीवर तिचं तोंड तेवढं दिसायचं. तेही दिसेनासं झालं, आणि तुम्ही शेजारी बसून म्हणालात, "सगळ्यांचीच जुनी चॅनेलं गेली गं, काय करणार!"

मी परत कधी येईन, ते ताईला फोन करून विचारा.