दोन थेंब रोज घेणे

तीर्थरूप आत्यास,

नाक मुठीत धरून केलेला साष्टांग नमस्कार पोचावा (मुठीत का धरलंय ते पुढे येईलच). तुझी तब्येत कशी आहे? विचारायचं म्हणून विचारतो, कारण उत्तर पाठ आहे: अगदी मोकळं वाटतंय. वहिनी मात्र वेगळंच सांगते (तुझी सून, म्हणजे तिचं बोलणं तू मनावर घेणार नाहीस हे गृहीत धरलंय). हिरव्या बाटलीतलं तेल सुरू केल्यापासून तू दम्याचा पंप कपाटावर फेकून दिलायस, आणि पलंगापासून खिडकीपर्यंत जाताना मध्येच खुर्चीवर टेकून, आज ऊन किती छान पडलंय म्हणतेस. ऊन छान असेलही. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, भाच्यानं आत्याला शहाणपण शिकवू नये एवढी अक्कल मला आहे. मी आपली माझी हकिगत सांगतो.

माझं काम तुला माहीत आहेच, तरी तू ते लोकांना नीट सांगत नाहीस म्हणून पुन्हा लिहितो. मी चहा ‘पीत’ नाही, चाखतो. गोदामाच्या वरच्या मजल्यावर लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग, समोर मोठ्या खिडक्या. चमच्यानं सुर्रकन चहा ओढायचा, जिभेवर घोळवायचा, थुंकायचा आणि शेरा लिहायचा: उग्र, सपक, धुरकट, बरा. सगळा कारभार नाकावर. पण त्याच गोदामात चहाची भुकटी अशी उडते की खिडकीतल्या उन्हात सोनेरी ढग तरंगताना दिसतात. बघायला फार सुंदर, छातीला फार वाईट. त्या भुकटीनं लागलेला माझा खोकला तू फोनवर ऐकलास आणि हिरवी बाटली पाठवून दिलीस. निलगिरी, पुदिना, लवंग आणि आणखी काय ते तुझं तुला ठाऊक. वर फोन करून म्हणालीस, दोन थेंब रोज घे, नियमानं घे, आणि ठेवून दिलास.

आता आत्या, तूच सांग, ‘घे’ म्हणजे काय? आपण श्वास घेतो, औषध घेतो, डुलकी घेतो, चहा घेतो, संशय घेतो, फार झालं तर एखाद्याला फैलावर घेतो. सगळं एकाच क्रियापदात उरकणारी माणसं आपण, त्यात मी सगळं तोंडाने करणारा. मी चमचाभर साखरेवर दोन थेंब टाकले आणि घेतलं, म्हणजे गिळलं. (बाटलीला थेंब पाडायचं टोपण नव्हतं, त्यामुळे थेंब जरा सढळ पडत. तुझा हातही तसाच सढळ आहे, तेव्हा ही तक्रार नाही.)

पहिले काही दिवस काय वर्णावे! घशात आधी आग, मग एकदम गारवा. वाटायचं, छातीत कुणीतरी पडदे बाजूला सारून खिडक्या उघडल्यात आणि आत मस्त वारा खेळतोय. पोटात मळमळायचं, ढेकर यायचे तेही थंडगार, पण खोल श्वास घेण्याची अशी काही हौस वाटायची की मी रस्त्यात थांबून श्वास घ्यायचो. डोकं हलकं, पाय हलके, डोळे अर्धवट मिटलेले. टेबलापाशी उभा राहिलो की वाट्यांची तळी व्हायची आणि त्यांवर धुकं उतरायचं. त्या धुक्यात मी नावेतून चाललोय, हातात वल्ह्याऐवजी चमचा, कुणाला कसलीच घाई नाही. खरं सांगतो, इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तुला का सोडवत नाही ते मला तिथेच कळलं.

शेऱ्यांच्या जागी मात्र भलतंच उमटू लागलं. एका चहापुढे मी ‘दूरवर पाऊस पडून गेलेला’ असं लिहिलं, दुसऱ्यापुढे ‘इथे राहायला आवडेल’. साहेबांना पहिल्या दिवशी वाटलं मी प्रेमात पडलोय. पण मग एक अख्खी खेप आली, भिजून कुबट झालेली. खालचे हमालसुद्धा नाकाला रुमाल लावून पोती उतरवत होते. मी ती शांतपणे चाखली आणि शेरा मारला: उत्तम, पहाटेसारखा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून आधी कुबट वाटी हुंगवली, मग चांगली. मला दोन्हींतून तुझाच वास आला, म्हणजे तुझ्या बाटलीचा. त्यांनी मला सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं. मी तरंगतच घरी आलो.

घरी आल्यावर सौ.नं माझा साखरेचा कार्यक्रम पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. तिचं म्हणणं, ते तेल हुंगायचं असतं, वाफेत घालायचं असतं, घशाखाली उतरवायचं नसतं, आणि एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. मी ओशाळलो. इतके दिवस चुकीच्या वाटेनं गेलो तर आता बरोबर वाटेनं भरपाई करावी म्हणून पातेलंभर उकळत्या पाण्यात बाटली तिरकी केली (अंमळ जास्तच तिरकी) आणि डोक्यावर टॉवेल घेऊन वाकलो. टॉवेलखालचं जग फार सुंदर होतं, आत्या. सगळीकडे पांढरं, ऊबदार, आवाज लांबून येणारे. मग डोळ्यांत आग उसळली, छातीतल्या त्या उघड्या खिडक्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि घ्यायचं म्हटलं तरी श्वास घेता येईना. पातेलं उलटलं, सौ. ओरडली, मी जमिनीवर बसून नुसता शिट्टीसारखा वाजत होतो.

सौ.नं मला तसाच दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला वाजायचा थांबवला (पंपानंच, हे सहज लिहितोय) आणि मग झाडला. ही तेलं पोटात घ्यायची नसतातच, म्हणाल्या, थोडीशीही अंगाशी येऊ शकतात. आणि नाजूक छातीच्या माणसाला त्यांच्या उग्र वाफेनंही धाप लागू शकते. मी म्हटलं, पण बाई, मोकळं तर वाटत होतं. तर त्या म्हणाल्या, वाटतं. नाकाला गारवा लागतो म्हणून मोकळं वाटतं, आतली वाट होती तेवढीच अरुंद राहते. ‘वाटणं’ आणि ‘असणं’ यांत माणूस फसतो. मग त्यांनी विचारलं, हे घ्यायला सांगितलं कुणी?

“आत्यानं.”

“त्यांना काय होतं?”

“दमा.”

“मग त्या पंप घेतात ना?”

“तो कपाटावर आहे.” त्यांनी पेन खाली ठेवलं.

असो. आता मी ठणठणीत आहे. नाक हळूहळू परत येतंय, काल आमटी करपल्याचं मला सौ.च्या आधी कळलं. काळजी नसावी. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार.

तुझा भाचा,
नाकाड्या

ता. क. तुझं तेल वाया गेलेलं नाही. बरण्यांवरची चिकटलेली लेबलं सौ.नं त्यानं पुसली, एका फटक्यात निघाली. वर्षानुवर्षं न निघालेला डिंकही गेला. तेच मी साखरेवर घालून गिळत होतो.

ता. क. २. वहिनीला रागावू नकोस. ती चुगली करत नाही, तिला भीती वाटते. मलाही वाटते, आत्या. परवा फोनवर तू मला फैलावर घेतलंस आणि वाक्याच्या मध्येच थांबलीस. मला वाटलं, शब्द सापडत नाहीये. तुला कधी शब्द सापडला नाही असं झालंय का? मी रिसीव्हर धरून नुसता ऐकत होतो, आणि पलीकडे तो माझाच टॉवेलखालचा आवाज येत होता.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. वहिनीच्या हातून पाठवलंय, कारण तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नाही. मी खाली फाटकापाशी उभा आहे. गाडी आणलीय, डॉक्टरीणबाईंना वेळही सांगून ठेवलीय. वाचून झालं की खिडकीतून मला एक हाक मार, शिव्या घालून मारलीस तरी चालेल. हाकेपुरता दम नसेल तर मारू नकोस. मी तसाही वर येतोय.