खवल्या मांजराचा कागद

शुक्रवार, २३ जानेवारी

चि. टाचणी,

अनेक आशीर्वाद.

तुझे निरोप यांनी मला वाचून दाखवले. ताप उतरला का, औषध वेळेवर घेता का, रविवारी येऊ का. मी ठणठणीत आहे. फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू मधेमधे बोलतेस, आणि तू बोलायला लागलीस की मी विरघळते. कागद मधे बोलत नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

इकडे थंडी बरी आहे. बाल्कनीच्या दाराची काच मोकळी केली. आपण खळ लावून तिथे वाळायला चिकटवलेला शेवटचा कागद खडखडीत वाळला होता, एका कोपऱ्यातून सोलला तर सरसर निघून आला. हे खूश झाले. महिनाभर म्हणत होते, घरातला सगळा उजेड तुमच्या त्या तपकिरी कागदाने खाल्लाय, मला पेपर वाचायला जिन्यात बसावं लागतं. आता खुर्ची काचेजवळ ओढून बसतात. मी मात्र त्यांच्याशी कामापुरतंच बोलतेय. ते का, ते पुढे येईलच.

आधी कामाचं सांगते. एकाच कागदाला घड्या घालून जे खवल्या मांजर आपण उभं करतोय, त्याच्या कागदावर घड्यांच्या चौकटी पाडून झाल्या. शेपटीकडच्या तिरक्या घड्या राहिल्या होत्या, त्याही मी एकटीने पाडल्या. नखाने नाही, तू वापरतेस तसल्या बोथट टाचणीनेच. मग सहज उजेडासमोर धरला तर मधोमध, जिथे पाठीचे खवले सुरू होतात, तिथे कागद विरलेला दिसला. फाटलेला नाही, पण पलीकडचं झाड दिसावं इतका पातळ. मागून ठिगळ लावावं, की एवढ्या महिन्यांची मेहनत सोडून नवा कागद घ्यावा? हे फोनवर कसं सांगणार? तू हाताने चाचपल्याशिवाय काही बोलायची नाहीस.

म्हणून गेल्याच्या गेल्या बुधवारी मी कागद गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातला, टॅक्सी केली आणि तुमच्या घरी गेले. कोणाला न सांगता. म्हटलं, दोघांना चकित करू.

चकित मीच झाले.

दार एका ओल्या केसांच्या तरुण माणसाने उघडलं. खांद्यावर टॉवेल. मला वाटलं मजला चुकला.

"कोण हवंय?"

"हे माझ्या मुलाचं घर आहे," मी म्हटलं.

"अच्छा, तुम्ही सरांच्या आई! या ना, या. मी त्यांचा भाडेकरू. सर येतीलच इतक्यात."

भाडेकरू! मी आत जाऊन बसले. नळी मांडीवर. त्याने पाणी आणून दिलं, पोरगा चांगला आहे. मी विचारलं, "आणि मॅडम कधी येतात?"

"कोण मॅडम?"

"अरे, तुझ्या सरांची बायको."

तो इतका गोंधळला की मलाच त्याची दया आली. म्हणाला, "इथे तर कोणी मॅडम राहत नाहीत, काकू. निदान मी आल्यापासून तरी नाही. म्हणजे आठ-नऊ महिने झाले असतील."

मी उठून तुझ्या खोलीत गेले. ज्या खिडकीच्या काचेवर तू दर आठवड्याला कागद चिकटवतेस, असं मला सांगायचीस, तिथे जाड निळा पडदा होता. कागदांच्या कपाटाच्या जागी व्यायामाची वजनं होती. खळीचा एक डाग नाही कुठे. खळ लावल्यावर डाग राहतोच, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

टाचणी, मी तिथे रडले नाही. भाडेकरूसमोर कसली रडतेय!

मग आमचे चिरंजीव आले. मला बघून दारातच थिजले.

"आई, तू आधी खाली बस."

"बसलेच आहे. ती कुठे आहे?"

"पाणी देऊ?"

"पाणी झालं. ती कुठे आहे?"

त्याने बूट काढायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग सांगितलं. तू शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतेस, ऑफिसजवळ. माझं ऑपरेशन झालं त्यानंतर दोनेक महिन्यांतच तुम्ही वेगळे झालात. जूनमध्ये कागदोपत्रीही सगळं संपलं. भांडण नाही, तंटा नाही, तिसरं माणूस नाही. "जमलं नाही गं," एवढंच म्हणाला. जमलं नसेल. संसार तुमचा होता, त्यात मी बोट घालणार नाही. 

"कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"बाबांना. ताईला. आणि... डॉक्टरांना विचारलं होतं, तुला सांगावं का म्हणून."

म्हणजे माझ्या घरातली गोष्ट माझ्या डॉक्टरांना माहीत आणि मला नाही! दर महिन्याला तो माणूस माझी छाती तपासत होता, घरी सगळे कसे आहेत विचारत होता, आणि मी त्याला सांगत होते, मुलगा-सून दर रविवारी येतात हो, फार माया आहे. काय हसला असेल मनात.

मी चिरंजीवांना एवढंच बजावलं, "मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. वर्षभर आईपासून लपवलंस ना, आता आठवडाभर तिच्यापासून लपव. सवय आहे तुला." त्याने शब्द पाळलेला दिसतो, नाहीतर तू तापाची चौकशी केली नसतीस. ताप नव्हताच. सगळी नोकरी मी दवाखान्याच्या खिडकीमागे बसून औषधांच्या पुड्या बांधल्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून सोडल्यात, तेव्हा एक मीही सोडली.

घरी आल्यावर यांना विचारलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास नको, की तुम्हाला?"

"अगं, तुझी तब्येत..."

"माझी छाती उघडून पुन्हा शिवली. ते मी सोसलं. मुलाचं मोडलेलं लग्न सोसलं नसतं?"

यावर पेपर खाली आला. म्हणाले, "मला वाटलं होतं, तुझं तुला कळेल हळूहळू." कसं कळणार होतं? दर रविवारी तुम्ही दोघं जोडीने लिफ्टमधून बाहेर पडायचात. आता समजलं, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी एकमेकांची वाट बघायचात आणि तिथून जोडी जमवून वर यायचात. तू त्याच्या मोज्यांवरून त्याला टाकून बोलायचीस. एक काळा, एक निळा, लाज नाही का. तो म्हणायचा, तूच धुतेस, तूच जुळव. मी आत टेबलावर कागद पसरत ते ऐकायचे आणि निर्धास्त असायचे. वेगळी झालेली माणसं मोज्यांवरून कशाला भांडतील? हे कोणाच्या डोक्यातून निघालं गं, मोज्यांचं? बेमालूम होतं.

त्या रात्री मी हिशेब करायला बसले, तर आणखी एक गोष्ट लक्षात आली. इस्पितळात तू मला रंगीत चौकोनी कागद आणून दिलेस, बोटं हलती राहावीत म्हणून. बगळा शिकवलास, बेडूक शिकवलास. तेवढंच खरं. खवल्या मांजर आपण वसंतात करायला घेतलं. त्याचा एकही खवला तू त्या घरात सून म्हणून नांदत असताना पडलेला नाही.

आणि तरी तूच ती, जी मला चीर लपवू देत नव्हतीस. आठवतं? पहिल्या कागदाला शेपटीच्या टोकाशी माझं नख लागलं. मी म्हटलं, खवल्याखाली जाईल, कोणाला दिसतंय? तू म्हणालीस, "आई, आपल्याला माहीत असेल ना." आणि तो कागद बाजूला ठेवलास. मी यांना कौतुकाने सांगितलं, पोरगी किती सच्ची आहे बघा. हे काहीतरी पुटपुटले आणि आत गेले. आता कळतं का गेले.

इतकं लिहून मी उठले होते, यांना जेवायला वाढलं, परत बसले. कारण खरं दुखणं अजून लिहिलंच नाही. तुझ्यापाशी ते काढायला जीव धजत नव्हता.

निघताना मी चिरंजीवांना झाडलं होतं. म्हटलं, तू भित्रा, म्हणून त्या बिचारीला दर रविवारी हे नाटक करायला लावलंस. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "मी लावलं? आई, डॉक्टर तीन महिने थांबा म्हणाले होते, थांबलो. मग मी सांगायला निघालो होतो. तिनेच हात जोडले. म्हणाली, आईंना कळलं तर मी कोणत्या नात्याने यायचं? हे एवढं मॉडेल होऊ दे, मग सांग. आणि मॉडेल तिने असं काढलं की ते संपायलाच नको. कागदच पसंत पडेना तिला!"

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आपलं खापर दुसऱ्यावर फोडायची त्याची लहानपणापासूनची खोड आहे. पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कागदच पसंत पडेना.

अख्खा उन्हाळा आपण नुसते कागद पारखण्यात घालवला. तू दर रविवारी एक नवा आणायचीस, आपण त्यावर खवल्यांची एक ओळ घालून बघायचो, आणि तू मान हलवायचीस. पार्सलचा तपकिरी जाड आहे, घड्या एकावर एक आल्या की फुगतो. चंदेरी पाठीचा चुकलेली घडी विसरत नाही आणि मोडावर तडकतो. तो लांब धाग्यांचा राखाडी, जो मला मनापासून आवडला होता, त्याला तू म्हणालीस, हा हाताळून लव सोडतो, आई, महिनाभरात पिंजल्यासारखा दिसेल. शेवटी ठरलं की दोन पातळ टिश्यू खळीने एकमेकांना चिकटवून कागद आपणच बनवायचा. त्यात पावसाळा गेला. मी तुझ्यावर इतकी विसंबून होते की नकाराचं कारण ऐकून घ्यायचे आणि डोळे मिटून पाठ करायचे.

ते सगळे नाकारलेले कागद पलंगाखाली आहेत. गेल्या गुरुवारपासून मी ते एकेक काढले आणि प्रत्येकावर पाठीची पट्टी पूर्ण घातली. एक ओळ नाही, पूर्ण पट्टी. घातली, उलगडली, परत घातली, बोटांनी चोळली. पार्सलचा कागद खरंच फुगला. खवले उभेच राहीनात. चंदेरी तडकला, तू म्हणाली होतीस तिथेच तडकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, निदान इथे तरी ती खरी होती.

मग राखाडी घेतला.

टाचणी, त्याला काही होत नाही. मी तो पाण्याच्या हाताने चोळला, रुमालाने घासला. लव नाही, पिंजणं नाही, घडी सुरीसारखी बसते. पाठीचे सगळे खवले त्यावर उभे आहेत, माझ्यासमोर, टेबलावर, आत्ता. तो कागद घेतला असता तर खवल्या मांजर पावसाळ्याच्या आत उभं राहिलं असतं. हे तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार. तुझी बोटं चुकत नाहीत.

म्हणजे तो खरं बोलत होता.

घरच्यांनी फसवलं त्याचा राग येतो, भांडून निघूनही जाईल. यांच्याशी आणखी आठवडाभर अबोला धरेन, मग कंटाळेन. पण टेबलाची ती दोन हात जागा माझी अशी होती की तिथे कोणी माझ्या तब्येतीला बघून बोलत नव्हतं. घडी चुकली की तू "चुकली" म्हणायचीस, आजारी आहे म्हणून "छान" म्हणायची नाहीस. तिथेही तू मला गोड बोलून थांबवून ठेवलंस. का थांबवलंस ते मला कळतंय. मी एवढी अडाणी नाही. तुला यायचं होतं. कोणाला यावंसं वाटतं म्हातारीकडे दर रविवारी, सासू उरली नसताना? माझ्या पोटच्या मुलीला वाटत नाही. हे कळल्यावर मला तुला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि ती नळी तुझ्या डोक्यात घालावीशीही वाटली, आणि दोन्ही अजून वाटतंय.

पण तू मला एकदाही विचारलं नाहीस. नातं तुटलं तर आई मला दारातून परत पाठवतील, हे तू तुझं तूच ठरवलंस. मला तेवढीच ओळखलंस? माझ्या वतीने मुलाने ठरवलं, नवऱ्याने ठरवलं, डॉक्टरांनी ठरवलं. त्या रांगेत तू उभी राहायला नको होतीस.

विरलेल्या कागदाला मी हात लावलेला नाही. पाडलेल्या सगळ्या घड्या एकदम आत दुमडायला चार हात लागतात. काल हे टेबलापाशी येऊन म्हणाले, मी धरू का एक बाजू? मी नको म्हटलं. 

आता नीट वाच. या रविवारी येऊ नकोस. त्याच्याबरोबर तर कधीच येऊ नकोस. कोपऱ्यावर थांबायचं नाही, जोडी जमवायची नाही, मोज्यांचा विषय काढायचा नाही. यायचं असेल तर आडवारी ये, एकटी, दिवसाउजेडी. बेल वाजव. दार हे उघडतील, त्यांना सांग की मी आईंकडे आले आहे, आणि यापुढे कोणीही विचारलं तरी तेच सांग. ताईने विचारलं तरी. शेजारच्यांनी विचारलं तरी. मी तुझ्या वतीने एक शब्द बोलणार नाही.

राखाडी कागद मी टेबलावर ठेवते आहे. त्याबद्दल तू आधी बोलायचंस. मी विचारल्यावर नाही. मग मांजराचं काय करायचं ते बघू.

माफ केलं आहे असं समजू नकोस. अजून केलेलं नाही, आणि केलं की सांगेन, हळूहळू कळायची वाट बघायला लावणार नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. एकटी राहतेस तर नीट काही शिजवून खात नसशील, हेही मला वर्षभर उशिरा कळलं.

वाट बघणार नाही. घरी असेन.

आई