तुम्ही भरलेल्या दाढेबद्दल तक्रार

असन, काठमांडू
चैत्र २८, शुक्रवार

तीर्थरूप अष्टमान मामांच्या पायांवर भाचा न्हुच्छे डोकं ठेवतो आणि लगेच उचलतो, कारण आज मी रागात आहे.

तुम्ही आणि मामी खुशाल असाल. तानसेनला अजून गारठा असेल, तेव्हा सकाळी कानटोपी घालूनच बाहेर पडावं. आई बरी आहे. तिचा खोकला गेला, तरी ती अधूनमधून खोकते, कारण खोकल्याशिवाय तिचं कुणी ऐकत नाही. मी बरा आहे असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. मी बरा नव्हतो. आता बरा आहे, पण मधले सहा दिवस माझं जे झालं त्याचा जाब मला कुणाला तरी विचारायचा आहे, आणि नात्यात दातांचं काम केलेले तुम्ही एकटेच आहात.

मामा, मी तेरा वर्षांचा होतो. बांगेमुढ्याला तुमचं दुकान होतं, तिथल्या त्या उंच खुर्चीत (जिचा एक पाय विटेवर होता) तुम्ही मला बसवलंत, माझ्या पाच दाढांत चांदी भरलीत, आणि आईला म्हणालात, "ताई, याचा जंकू होईपर्यंत बघायला नको." जंकू म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस. मला रथात बसवून नातवंडं गल्लीतून ओढतील त्या दिवसापर्यंतची हमी तुम्ही दिली होतीत. आज मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. रथाचा अजून पत्ता नाही, नातवंडांचा तर नाहीच, आणि डावीकडची खालची दाढ गेली कामातून! हे काय आहे?

आता पहिल्यापासून सांगतो. मला काम मिळालं आहे. (हसू नका. तांब्याच्या दुकानात मी टिकलो नाही कारण तिथे दिवसभर ठोकतात. वीरगंजच्या बसवर टिकलो नाही कारण ती बस रोज वीरगंजलाच जायची. पोखऱ्याच्या हॉटेलाबद्दल नंतर कधीतरी.) हे काम वेगळं आहे. दिलमान गुरुंग म्हणून थोरल्या भावासारखे एक दाइ आहेत, परदेशी लोकांना डोंगरात घेऊन जातात. पाच वैशाखला त्यांचा तांडा डोल्पोकडे निघतोय, पाच आठवडे, आणि त्यात मी स्वयंपाक्याचा मदतनीस. मामा, जन्मात पहिल्यांदा मला एखाद्या कामाची रात्री स्वप्नं पडतात. डोल्पोला सरोवराचं पाणी इतकं निळं असतं म्हणे, की भांडं बुडवलं तर भांडं निळं होऊन बाहेर येईल असं वाटतं. ते मला बघायचंच आहे.

पण दिलमान दाइ माणसं कशी निवडतात? पाय बघत नाहीत, पाठ बघत नाहीत. दात बघतात! दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्वयंपाक्याच्या एका दाढेतलं जुनं सिमेंट खिंडीजवळ हललं. खाली कधी दुखलं नव्हतं, उंचीवर गेल्यावर असं ठणकायला लागलं की तो माणूस तंबूच्या दोऱ्या चावायला लागला. त्याला खेचरावर घालून चार दिवस खाली आणलं आणि वर राहिलेले पाहुणे बिस्किटं खाऊन जगले. तेव्हापासून दाइ सगळ्यांना अंगणात रांगेत उभं करतात, बर्फाचं पाणी तोंडात धरायला लावतात आणि मग भाजलेल्या काळ्या सोयाबीनचा एकेक दाणा दोन्ही बाजूंनी फोडायला लावतात. जो डोळा मिचकावील तो घरी.

मी मिचकावला. डोळ्यात चिलट गेलं असं मी सांगितलं. दाइ म्हणाले, "चिलट डोळ्यात गेलं तर हात गालावर का गेला रे भाऊ?" मग म्हणाले की शुक्रवारपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी आण, नाहीतर थामेलचा दुसरा एक जण तयार आहे. त्याचे सगळे दात सोन्याचे आहेत म्हणे. (सोन्याचे दात असलेला माणूस कांदे कापायला कशाला येईल, हे मला कळत नाही.)

आता तुम्ही विचाराल, तुला आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं, पण कळूनही न कळल्यासारखं चाललं होतं. सहा महिने त्या दाढेच्या कडेला जीभ अडकत होती, आणि जीभ तर रिकामटेकडी, दिवसभर तिथेच जाऊन बसायची. जेवल्यावर पोह्यांचे दोन-तीन दाणे तिथे हमखास मुक्कामाला. मी त्याला कोठार म्हणायचो आणि संध्याकाळी भूक लागली की तिथूनच सुरुवात करायचो. मग आईने दिव्याच्या वातींसाठी वळलेल्या सुतातला एक दोरा घेऊन मी ते काढायला लागलो. दुसरीकडे दोरा सुरळीत यायचा, इथे पिंजून तुटून यायचा. आईच्या ते लक्षात आलं. माझ्या दाढेबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, पण देवाच्या वातीचं सूत तोंडात घातलं म्हणून सबंध एकादशी माझ्याशी अबोला धरला. आणि सूत मात्र मोजून कपाटात!

तर सोमवारी आईनेच मला दातदुखीच्या वैश्यदेवाकडे नेलं. तुमचं दुकान त्या देवाच्या समोर होतं, तेव्हा तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच सांगतो की दुखणं जावं म्हणून नाणं ठोकतात त्या लाकडात आता जागा नाही. सगळ्या शहराच्या दाढा तिथे ठोकलेल्या आहेत, नाण्यावर नाणं, खिळ्यावर खिळा. मी कडेची एक फट शोधली, नाणं धरलं, आणि हातोडी घातली ती थेट अंगठ्यावर. अंगठा असा सुजला की त्या दिवशी दाढ दुखतेय हे मला आठवलंच नाही. आई असनभर सांगत सुटली, "देवाने बघा कसं ओढून घेतलं!" ओढून घेतलं नाही हो, अंगठ्यात हलवलं. देवावर माझा राग नाही. त्याच्याकडे गर्दीच इतकी आहे.

माझा राग आहे तो त्याच गल्लीतल्या त्या नव्या दातवाल्यावर. काचेच्या कपाटात हसणाऱ्या कवळ्या मांडून बसलाय. मी मंगळवारी गेलो. त्याने आरसा घातला, एक, दोन, तीन, चार, पाच मोजलं आणि विचारलं, किती वर्षांची? म्हटलं, पंधरा. "पंधरा!" असं म्हणून तो खुर्चीवरून उठलाच. म्हणाला, दातातल्या भरणाचं आयुष्य सात वर्षं, ही सगळी कधीच मेलेली आहेत, पाचही उकरून नवी भरू. मी विचारलं, बाकीच्या चार दाढांना झालंय काय? तर म्हणाला, वय झालंय. अहो, वय झालं म्हणून उकरायचं? मग तुमचं दार पण जुनं दिसतंय, ते का नाही उकरत? असं मी विचारलं. मनात. तोंडात त्याची दोन बोटं होती.

बुधवारी मी पाटणला डॉक्टर प्रमिला तुलाधरांकडे गेलो. बाई पन्नाशीच्या, आवाज शाळेतल्या हेडबाईंचा. मी त्यांना म्हटलं, पाच दाढा म्हाताऱ्या झाल्यात, पाच वैशाखला डोल्पोला जायचंय, काय ते करा. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या झाल्या म्हणून कुणी काढतं का रे? तुझ्या आजोबांना घराबाहेर काढलंत का?" मग बारीक आकडा घेऊन त्या एकेका भरणाच्या काठावरून फिरल्या, सुतार रंधा मारल्यावर बोट फिरवतात तशा. चार ठिकाणी आकडा घसरून गेला, पाचव्या ठिकाणी अडकला. कुठे अन्न अडकतं, दोरा कुठे फाटतो, चावून सोडताना कळ येते की चावताना, असं सगळं विचारलं. थंड पाण्याची चूळ भरायला लावली आणि माझा हात धरून म्हणाल्या, कळ जाईपर्यंत मोज. मी चारपर्यंत मोजलं आणि कळ गेली. "चार म्हणजे नस जिवंत आहे," त्या म्हणाल्या, "चाळीसपर्यंत मोजत बसला असतास तर गोष्ट वेगळी होती." मग फोटो काढला. भरणाच्या खाली काळी सावली. आत कीड शिरली होती, वरून झाकण तसंच. चार दाढांना त्यांनी हात लावला नाही. मी म्हटलं, आलोच आहे तर तीही बदला, उगाच वर डोंगरात काही व्हायला नको. तर माझ्यावर ओरडल्या! चांगलं भरण उकरलं की दर वेळी दात थोडा थोडा जातो, तू काय दात संपवायला निघालास? आणि सहा महिने धान्य साठवत होतास तेव्हा नव्हती का घाई? मामा, पैसे द्यायला तयार असलेल्या माणसावर कुणी असं ओरडतं का? मला फार अपमान वाटला. (पण खरं सांगतो, निघताना मी त्यांच्या पाया पडलो.)

त्याच बैठकीत त्यांनी जुनं काढलं, कीड साफ केली, नवी चांदी भरली आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलं: भरण उत्तम, उंचीला हरकत नाही, चोवीस तास त्या बाजूने चावू नये. मी ती चिठ्ठी घेऊन संध्याकाळीच दाइंकडे. त्यांनी ती उलटसुलट वाचली आणि वाटीतला सोयाबीनचा दाणा पुढे केला. मी म्हटलं, दाइ, चोवीस तास. ते म्हणाले, "डोंगर चोवीस तास थांबत नाही." मी म्हटलं, दाढ थांबते. आमचं असं बराच वेळ चाललं. बाकीचे भारवाहक बघत होते, कुणीतरी मागून म्हणालं, "दाढेचं बारसं झालंय, आधी दूध पाजा!" मला वाटलं गेलं काम. एक मन म्हणत होतं, फोड तो दाणा आणि मोकळा हो. पण मी तोंड मिटून उभा राहिलो. शेवटी दाइंनी तोच दाणा खिशात घातला, बटण लावलं आणि म्हणाले, उद्या याच वेळी, हाच दाणा.

काल संध्याकाळी गेलो. दाइंनी खिशातून दाणा काढला, त्याला तंबाखूचा वास येत होता. आधी बर्फाचं पाणी. मी दाइंच्या डोळ्यांत डोळे घालून धरून ठेवलं, इतकं की शेवटी त्यांनीच डोळे मिचकावले. मग दाणा, डावीकडून. काय आवाज झाला म्हणून सांगू! अंगणातलं कुत्रं उठून बसलं. दाइ म्हणाले, "चार तारखेला बूट घेऊन ये."

तर काम मिळालं. पण त्यामुळे माझी तक्रार संपत नाही. जंकूपर्यंतची हमी देऊन पंधरा वर्षांत हे व्हावं, सुतावरून आईने अबोला धरावा, अंगठ्याचं नख काळं पडावं, एका माणसाने बोटं घालावीत आणि दुसऱ्या बाईने ओरडावं, या सगळ्याला कुणीतरी जबाबदार असायला हवं. तुम्ही यावर सविस्तर उत्तर द्याल अशी अपेक्षा आहे. मामींना नमस्कार.

तुमचा अन्याय झालेला भाचा,
न्हुच्छे

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. ती गेलेली दाढ पूर्वी तुम्हीच भरली होती हे खरं, पण दोन वर्षांपूर्वी पोखऱ्याच्या हॉटेलात मला पाहुण्यांच्या स्वागताला काउंटरवर उभं करणार होते. हसलो की तुमची चांदी काळी दिसते असं मला वाटलं, म्हणून तिथल्या एकाकडून ती चांगली असतानाच काढून घेतली आणि पांढरं भरून घेतलं. (काउंटरवर मी नऊ दिवस होतो.) गेलं ते पांढरं. डॉक्टरबाईंनी तुमच्या चार दाढा बघून विचारलं की हे काम कुणाचं, आणि मग पुन्हा एकदा आरसा घालून बघितलं. मला वाटतं तुम्हाला हे कळलेलं बरं. तरी वरचं काही मी खोडत नाही, कारण कागद फार खर्च झालाय.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. आईला डोल्पोचं मी सांगितलेलं नाही. मागच्या वेळी मी पोखऱ्याहून परत आलो तेव्हा तिने शपथ घातली होती की आता घराबाहेर राहायचं तर फक्त मामाकडे. म्हणून मी तिला सांगितलंय की दुखणं देवाने घेतलं, पण भोक मामाच बुजवू शकतात, आणि त्यासाठी मी पाच आठवडे तानसेनला तुमच्याकडे चाललोय. डोल्पोहून आलो की मी स्वतः तिला सगळं सांगेन, निळ्या पाण्याची बाटली भरून आणेन, तेव्हा ती फार मारणार नाही. तोवर तुम्ही सांभाळा. दर शनिवारी ती औषधाच्या दुकानातून तुमच्या खालच्या कापडवाल्याकडे फोन करेल आणि मला बोलवा म्हणेल. तिला एवढंच सांगा की न्हुच्छेच्या तोंडात कापूस आहे, बोलता येत नाही. ती म्हणेल, मग निदान कण्हताना तरी ऐकवा. तेव्हा फोन थोडा लांब धरून तुम्हीच कण्हा, मामा. तुमचा आणि माझा आवाज एकसारखा आहे असं ती नेहमी म्हणते, आणि बहिणीसाठी एवढं कण्हणं काही जास्त नाही.