आमच्या स्वयंपाकघरातून गेलेली निळी रेषा

तीर्थरूप सुकदेवनाना यांच्या पायाशी धाकट्या रुपचंदचा दंडवत.

धुळ्याच्या हवेत तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींनी तुमचा दुपारचा चहा बंद केल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. इकडे पारोळ्याकडे पाऊसपाणी ठीक. आई ठणठणीत आहे, गरजेपेक्षा थोडी जास्तच (ते पुढे येईल). फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो, म्हणून पत्र लिहितोय.

वाटण्या झाल्या तेव्हा तुम्ही हट्टाने टेकाड घेतलंत आणि नदीकाठची काळी जमीन मला दिलीत. (त्या टेकाडावर बाभूळसुद्धा दहादा विचार करून उगवते. तुमच्या व्यवहारज्ञानाला मी तेव्हा गावभर हसलो होतो, हे आता कबूल करतो.) देताना तुम्ही एवढंच म्हणालात की तिथे पीक घे, घर बांधू नको. मला वाटलं, नानांच्या पोटात दुखतंय. पण आता ललितचं लग्न आमच्या दोन खोल्यांपायी अडलंय. येणारे पाहुणे आधी भिंती मोजतात, मग मुलाकडे बघतात. कामिनी नावाची एक चांगली मुलगी आहे, दोघांची पसंतीही झाली, पण तिच्या वडिलांनी पाया भरला की कळवा असा निरोप ठेवलाय. म्हणून मी नदीकाठी, निंबाजवळ, चार खोल्यांचा नकाशा काढून घेतला आणि परवानगीला गेलो.

तिथल्या साहेबांनी आमचा नकाशा त्यांच्या नकाशावर ठेवला. नाना, पुराची निळी रेषा नेमकी आमच्या स्वयंपाकघरातून गेली आहे! निळ्या रेषेपासून नदीपर्यंत काहीही बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये जोतं उंच करून बांधता येतं. लालच्या पलीकडे ही पुराची अट नाही. म्हणजे चूल तेवढी वाचली. देवघर, ललितची खोली आणि न्हाणी नदीच्या वाट्याला. मी म्हटलं, न्हाणी तरी राहू द्या, तिथे पाणी लागतंच. साहेब हसले नाहीत. मग मी घर मागे सरकवलं. (कागदावर घर सरकवणं सोपं असतं, पण तेवढं सरकवलं की ते पितांबरच्या कपाशीत जातं, आणि पितांबर माझी शेळीसुद्धा त्याच्या बांधावर उभी राहू देत नाही.) शेवटी घर खांबांवर उचललं. ललितच्या आईने एकच विचारलं, म्हैस वर कशी चढवायची? तो नकाशा तिथेच मिटला.

साहेब म्हणाले, रेषेवर हरकत असेल तर अर्ज द्या, जागा पुन्हा बघू, जुन्या माणसांचे जबाब घेऊ. जुनं माणूस तर आपल्या घरातच! आठ दिवस मी आईला पढवलं की मोठ्या पुरात पाणी बांधापाशी थांबलं होतं. ती रोज मान डोलवायची. मोजणीला मेघा मॅडम आल्या, ललितच्याच वयाच्या. आईने त्यांना पाणी दिलं, माहेर विचारलं, त्यांच्या हातातली उंची मोजायची पट्टी घेतली आणि तरातरा निंबापाशी गेली. पट्टी खोडाला टेकवली आणि तिसऱ्या फांदीखाली बोट दाखवलं.

"बाई, आठे लगून उनं व्हतं पानी. हाऊ मना रुपचंद झोयीमा व्हता. तीन डाव झोयी वर बांधी, तरी बूड वलं जयंच."

ते बोट माझ्या कपाळाच्याही वर होतं, नाना. पाणी इथपर्यंत आलं होतं, रुपचंद झोळीत होता, तीनदा झोळी वर बांधली तरी बूड ओलं झालंच, असं मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि आईच्या पाया पडल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. सत्तावन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी समजतो की हे आईचं वय बोलतंय.

तुमचा आज्ञाधारक (वाटण्या सोडून),
रुपचंद

ता. क. : गुडघे बरे असतील तर सोमवारी या. पुराच्या वर्षी तुम्ही नऊ वर्षांचे होतात, तुमचा जबाब चालेल. पाणी बांधापाशी थांबलं होतं आणि आईला आता नीट आठवत नाही, एवढं सांगितलंत की ललितचं काम होईल. चहाची सोय मी करतो, वहिनींना कळणार नाही.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवताना आईने विचारलं, नानाला काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं. तिने पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली की तिसऱ्या वेळी तिचे हात पोचेनात. ती खालच्या बेचक्यात खोडाला धरून होती आणि पाणी उतरेपर्यंत माझ्या झोळीचा दोर वरच्या फांदीवर बसून तुम्ही धरला होता. तुमचे तळहात सोलून निघाले होते. तुम्ही हे कधीच बोलला नाहीत, आणि मी तुम्हालाच खोटं बोलायला बोलावत होतो. मला फार लाज वाटते. वरचं खोडत नाही, तुम्हाला दिसू दे.

जबाबाला येऊ नका. टेकाडावर चार खोल्यांपुरती जागा द्याल का? फोन करून नुसतं "हं" म्हणा. या वेळी मला अर्थ कळेल.